थोरल्यांच्या नजरेखालून

नागोरावांच्या घरी फ्रिज आला, तेव्हा तो पाऊण तास अंगणातच उभा होता.

टेम्पोतून आलेल्या दोघांनी तो उचलून दारापर्यंत आणला आणि नागोराव दोन्ही हात पसरून दारात आडवे झाले. "दमा जरा. आधी थोरल्यांच्या नजरेखालून जाऊ द्या." त्या बिचाऱ्यांना वाटलं, घरात कोणी म्हातारं माणूस असेल. एकजण म्हणाला, "मग बोलवा की त्यांला भायेर."

"ते येत नसतेत. त्यांच्याकडं न्यावं लागतंय."

आता नेणार कसं? नागोरावांचं देवघर म्हणजे स्वयंपाकघराला लागून असलेला एक कोनाडावजा खोपा. त्यांच्या पत्नी शेवंताकाकूसुद्धा तिथं तिरक्या होऊन शिरतात. फ्रिज उभा मोजला, आडवा मोजला, टेम्पोवाल्यानं कपाळाला हात लावला. शेवटी नागोराव आत गेले आणि ताम्हनात चांदीचा खंडोबाचा टाक घेऊन, वरून उपरण्याची सावली धरून बाहेर आले. मग त्यांनी फ्रिजचं दार उघडलं. "ह्या फळीवर दूध. हितं भाजी. ह्यो बर्फाचा कप्पा, हात लावू नका, गार हाय." असं सगळं टाकाला समजावून सांगितलं, फ्रिजला भंडाऱ्याचं बोट लावलं आणि मग म्हणाले, "चला, घ्या आत." टेम्पोवाल्यानं तोवर पायातल्या चपला काढून ठेवल्या होत्या. त्याला स्वतःलाच कळलं नसणार, का काढल्या ते.

मी हे सगळं मधल्या भिंतीवरून बघत होते. मी त्यांची शेजारीण. मुखेडच्या शाळेत गणित शिकवते. माहेर-सासर दोन्ही लातूरचं, यजमान लातूरलाच नोकरीला, ते शनिवारी येतात आणि सोमवारी पहाटेच्या एस्टीनं जातात. त्यामुळे मला शेजाऱ्यांकडे लक्ष द्यायला भरपूर वेळ असतो. आणि खरं सांगते, नागोरावांसारखा शेजारी असल्यावर टीव्ही कशाला लागतो?

'थोरले' म्हणजे त्यांच्या घराण्याचा खंडोबा. पिढ्यान् पिढ्या घासून घासून टाक इतका गुळगुळीत झालाय की घोडा कुठला आणि देव कुठला हे आता फक्त नागोरावांनाच दिसतं. पण ते 'देव' म्हणत नाहीत. घरातल्या कर्त्या म्हाताऱ्याला म्हणावं तसं 'थोरले' म्हणतात. त्यांचं साधं म्हणणं आहे. पूर्वी घरात काहीही आलं, की आधी म्हाताऱ्याच्या हातात जायचं. लुगडं असो, बैल असो, नाहीतर पोराचा निकाल असो. म्हातारा बघायचा, 'बरं हाय' म्हणायचा, मग ती वस्तू घराची. "आता बाप गेला, चुलता गेला. मग थोरलं कोण? ह्येच की!"

लोक देवाला नैवेद्य दाखवतात. नागोराव सगळंच दाखवतात.

मी नवीन राहायला आले त्या आठवड्यात शेंगदाण्याची चटणी वाटीभर नेऊन दिली. काकू म्हणाल्या, "बसा, चहा करते." चहा आला. मी कप उचलणार, तेवढ्यात नागोरावांनी माझ्यासमोरून तो उचलला आणि आत गेले. मला वाटलं, माशी पडली असेल. दोन मिनिटांनी आले, कप ठेवला, "घ्या आता." मी प्यायले. कोमट! पुढं कळलं की ह्या घरात पाहुण्याचा चहा पाहुण्याआधी थोरल्यांच्या नजरेखालून जातो. काकू बिचाऱ्या त्यासाठी चहा उतू जाईस्तोवर उकळतात, म्हणजे जाऊन येईपर्यंत थोडी तरी ऊब राहावी.

बाजाराच्या दिवशी तर बघायलाच नको. पिशवी सरळ देवघरात. मेथी दाखवायची, वांगी दाखवायची, फणी, साबण, कंदिलाची काच, सगळं. एकदा त्यांनी उंदराचा पिंजरा आणला. तोही दाखवला. काकू म्हणाल्या, "अवो, उंदीर गणपतीचं वाहन हाय, थोरल्यांना काय वाटंल?" नागोराव क्षणभर विचारात पडले. मग म्हणाले, "म्हनूनच दाखवला. मागाहून कुठून तरी कानावर जाण्यापरीस आपणच सांगितलेलं बरं." नव्या चपलांचाही असाच पेच पडला होता. त्या उंबऱ्याच्या बाहेर, लांबूनच दाखवायच्या, असा तोडगा त्यांनी काढलाय.

तहसील कचेरीत कारकून होते, तेव्हाही हेच. टेबलाच्या ड्रॉवरात थोरल्यांचा छोटा फोटो आणि भंडाऱ्याची डबी. फाईल आली की ड्रॉवर हळूच उघडायचा, फाईल आत सरकवून एक क्षण धरायची, ड्रॉवर बंद. नवीन आलेल्या साहेबानं दोनतीन दिवस लांबून हे बघितलं आणि त्याला भलताच संशय आला. एके दिवशी तो ताडकन येऊन उभा राहिला, "उघडा ड्रॉवर!" नागोरावांनी उघडला. आत खंडोबा. साहेबाचा चेहरा पडला, पण नागोराव मात्र खूश. थोरल्यांकडे बघून म्हणाले, "हे आपले नवे सायेब. काल सांगितलं नव्हतं का?" बोटाला लागलेल्या भंडाऱ्यामुळे त्यांच्या हाताखालून गेलेल्या प्रत्येक कागदावर पिवळा डाग असायचा. खेड्यातली माणसं डाग बघून ओळखायची, कागद नागोरावांकडून पुढं गेलाय म्हणजे आता कुठं अडणार नाही.

मुलगी पुण्याला असते. तिच्यासाठी स्थळ आलं, तेव्हा मुलाचा फोटो मोबाईलवर आला. नागोराव मोबाईल घेऊन आत गेले. बराच वेळ झाला, बाहेर येईनात. काकूंनी डोकावून बघितलं तर हे मोबाईल टाकासमोर धरून डोळे मिटून बसलेले, आणि मोबाईलचा पडदा कधीचाच काळा झालेला. "अवो, थोरल्यांना पोरगा कुठं दिसून राहिला? अंधारच बघून राहिलेत ते!" मग एकानं धरायचं आणि दुसऱ्यानं बोट लावत राहायचं, असं करून पोरगा दाखवला. जावई चांगला निघाला. अजून त्याला ह्यातलं काही माहीत नाही.

आता मी काही फार देवधर्म करणाऱ्यातली नाही. सकाळी शाळेची घाई. दिवा लावते, हात जोडते, दोन मिनिटांत मोकळी. त्यामुळे नागोरावांचा हा प्रकार मला आधी गंमत, मग डोक्याला ताप आणि मग सवयीचा वाटू लागला. एकदाच मी चिडले. माझ्या बदलीची ऑर्डर आली. थेट हिमायतनगर! जिल्ह्याच्या ह्या टोकाहून त्या टोकाला. मी अंगणात ऑर्डर हातात घेऊन रडवेली उभी, आणि नागोराव भिंतीवरून हात लांब करून म्हणतात, "आणा हिकडं, थोरल्यांच्या नजरेखालून घालून आणतो."

मी दिली. बुडत्याला काडीचा आधार. वाटलं, काय सांगावं, होईल काहीतरी. काही झालं नाही. दोन वर्षं हिमायतनगरला काढून आले. तिकडं जायला निघताना मी त्यांना टोचून बोललेच, "काय नागोराव, थोरल्यांनी तर सरळ मंजूर केली की ऑर्डर!"

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की बघणाऱ्याला वाटावं मीच इयत्ता दुसरीत आहे. "बाई, रद्द करा म्हनून थोडंच दाखवलं होतं? दाखवायचं म्हनून दाखवलं. थोरल्यांना घरातलं-दारातलं ठाऊक असावं. मागायचं न्हाई. मी आजवर काहीच मागितलं न्हाई त्यांला. मागायला लागलो की मंग ती सोयरीक ऱ्हात न्हाई, अर्जच व्हतो. आन् अर्ज मी जन्मभर लई बघितलेत."

मला ते तेव्हा पटलं नाही. पण लक्षात मात्र राहिलं.

हे सगळं हसण्यावारी चाललं होतं. गेल्या वर्षी शेवंताकाकूंचं पोट दुखायला लागलं. आधी ओवा झाला, मग हिंग झाला, मग मुखेडच्या डॉक्टरांनी नांदेडला पाठवलं. तिथं तपासण्या झाल्या. संध्याकाळी नागोराव माझ्या दारात आले, तर त्यांच्या उपरण्याखाली काहीतरी मोठं लपवलेलं.

"बाई, ह्ये तुमच्या कपाटात ठिवा."

मोठं पाकीट होतं. आत काळ्या फिल्मा आणि रिपोर्ट. काकूंच्या पोटात गाठ होती. काढावी लागणार होती, आणि काढल्यावर ती तपासायला पाठवणार होते, साधी आहे की वाईट आहे ते बघायला.  मी सवयीनं विचारलं, "थोरल्यांच्या नजरेखालून घातलं ना?"

त्यांनी झटकन ओठावर बोट ठेवलं आणि भिंतीकडे बघितलं. भिंतीपलीकडे त्यांचं देवघर. मग मला पार कडुलिंबाखाली नळापर्यंत ओढत नेलं आणि कुजबुजले, "त्यांला काहीच सांगितलं न्हाई."

"अहो, पण का?"

"कामून म्हंजी? घरातल्या थोरल्याला असलं सांगत असतेत का? आमच्यात कोणाचं काही झालं, तर म्हाताऱ्याच्या कानावर शेवटी घालतेत. त्येच्या जिवाला घोर नको. सगळं नीट झाल्यावर सांगू."

मी गणिताची बाई. मला वाटलं, चुकलेलं गणित दाखवून द्यावं. "नागोराव, ते देव आहेत. त्यांना कळणार नाही का?"

"न सांगता कसं कळंल? मी जे दाखवलं त्येच तर आजवर बघितलंय त्यांनी."

"बरं, मग हे पाकीट माझ्या घरी? माझ्याही घरात देव आहेत!"

"तुमचे देव तुमचं बघतेत. आन् तुम्ही कुठं त्यांच्याशी बोलता?"

घ्या! मी मुकाट्यानं पाकीट कपाटात साड्यांखाली ठेवलं.

दुसऱ्या दिवसापासून त्या घरात जो काही कारभार सुरू झाला, तो सांगून खरा वाटायचा नाही. देवघर स्वयंपाकघराला लागून, म्हणजे घरात कुठंही बोललं तरी थोरल्यांच्या कानावर जाणार. म्हणून 'ऑपरेशन' म्हणायचं नाही, 'लग्न' म्हणायचं. दवाखाना म्हणजे 'मंगल कार्यालय'. डॉक्टरांचा फोन आला की नागोराव मोबाईल घेऊन कडुलिंबाखाली पळायचे. मुलीनं पुण्याहून रडत फोन केला, तर ह्यांनी आधी तिला बजावलं, "रडू नको, लग्नघर हाय." पोरीला वाटलं बापाच्या डोक्यावर परिणाम झाला. मग मी तिला माझ्या फोनवरून सगळं समजावून सांगितलं. तर ती म्हणाली, "बाई, आईची काळजी करू का अण्णांची, तेच कळंना गेलंय."

शेवंताकाकूंनी मात्र सगळं बिनबोभाट चालवून घेतलं. नवऱ्यानं लग्न म्हटलं की त्याही लग्न म्हणायच्या. मी एकदा एकटीत विचारलं, "काकू, तुम्हाला हे पटतं?" त्या तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "चाळीस वर्सं कोमट चहा पिले बाई. आता पटतंय का न पटतंय, काय विचारता?"

जायच्या दिवशी तर हद्द झाली. लग्नाला जायचं, तर लग्नाचा वेष हवा. नाहीतर थोरल्यांना संशय येणार. काकूंनी ठेवणीतली इरकल नेसली, नाकात नथ घातली, नागोरावांनी परीटघडीचं धोतर आणि कोट चढवला. पिशवीत आहेराचं म्हणून एक कोरं पातळ. दोघं जोडीनं देवघरासमोर वाकले. नागोराव मोठ्यानं म्हणाले, "नांदेडला लग्न हाय. चारआठ दिवस लागतील. घरचंच कार्य हाय." शेवटचं वाक्य म्हणताना त्यांचा आवाज बसला. घसा खाकरून ते म्हणाले, "थंडीनं झालंय." बाहेर रणरणतं ऊन होतं.

गल्लीतल्या बायका दारात आल्या. "काय काकू, कोणाचं लग्न?" काकू म्हणाल्या, "माझंच म्हना की!" आणि नथ सावरत रिक्षात बसल्या. सगळ्या हसल्या. मीही हसले, आणि घरात येऊन रडले.

किल्ली माझ्याकडे होती. मला सक्त सूचना होत्या. रोज पाणी, दोन फुलं, दिवा. बाजारातून काही आणलं तर तेही थोरल्यांच्या नजरेखालून घालायचं, माझं असलं तरी. "त्यांला करमायचं न्हाई न्हाईतर." आणि त्या विषयावर अवाक्षर नाही.

"आणि त्यांनी विचारलं तर?" मी वैतागून म्हटलं.

"म्हना, लग्न लांबलं."

ऑपरेशनच्या दिवशी मी रजा टाकली. पहाटे थोरल्यांची पूजा उरकली, कुठं चालले ते सांगितलं नाही, आणि पहिली एस्टी पकडून नांदेडला गेले. दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर लांबलचक व्हरांड्यात, कोट-धोतरातच नागोराव बाकावर बसले होते. आजूबाजूची माणसं त्यांच्याकडे बघत होती. सगळ्या व्हरांड्यात एवढा नटलेला माणूस दुसरा नव्हता.

नर्सनं एक कागद आणून दिला. ऑपरेशनला संमती आहे, काही बरंवाईट झालं तर आमची जबाबदारी, वगैरे. नागोरावांनी सही केली. मग कागद हातात घेऊन ते उठले आणि चालू लागले. दहा पावलं गेले, पंधरा पावलं गेले, व्हरांडा संपला, समोर भिंत आली. तिथंच ते उभे राहिले. जन्मभराची सवय! सही केलेला कागद कोणाला तरी दाखवून आणायचा होता, आणि दाखवायला तिथं कोणी नव्हतं. नर्स म्हणाली, "आजोबा, कागद इकडं द्या." ते परत आले. कागद दिला. बाकावर बसले आणि हात कुठं ठेवावेत ते त्यांना कळेना.

मला ते बघवेना. व्हरांड्याच्या कोपऱ्यात एक देवाची तसबीर होती, हार घातलेली. मी म्हटलं, "तो बघा देव. त्याला तरी सांगा."

"ह्यो दवाखान्याचा हाय. दिवसभर लोकायचं रडगाणं ऐकून ऐकून त्येचंच डोकं उठलं असंल."

"मग तुमच्या थोरल्यांना सांगा. इथूनच सांगा. मनात सांगा. नागोराव, अहो, झाकली मूठ किती दिवस झाकणार? त्यांना घोर लागेल म्हणता, पण तुमच्या जिवाला लागलाय त्याचं काय?"

त्यांनी कोटाचं बटण उगाच काढलं, परत लावलं. मग एकदम म्हणाले, "बाई, तुम्हाला खोटं सांगितलं मी. त्यांच्या घोराचं न्हाई ते. मला भ्याव वाटून राहिलं."

"कशाचं?"

"मी कधी मागितलं न्हाई. खरंच न्हाई. पण ह्ये दाखवलं, तर न मागता उठवायचं न्हाई माझ्यानं. हात पसरंल मी. आन् मी मागितलं, आन् त्यांनी न्हाई म्हणलं, तर?" त्यांनी डोळ्यांना उपरणं लावलं. "तर उद्या सकाळी त्यांच्याशी बोलू कसा? शेवंता बी न्हाई आन् त्ये बी न्हाई. मंग घरात मी कोणाला काय दाखवू?"

मी त्यांचा हात धरला. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच. त्या माणसाला आम्ही सगळी गल्ली हसत आलो होतो. दिवसभर देवाशी बोलणारा हा माणूस त्या बाकावर इतका एकटा होता, की मला माझीच लाज वाटली.

ऑपरेशन नीट झालं. गाठ तपासायला गेली. आठ दिवसांनी निकाल. मी संध्याकाळच्या गाडीनं परत आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी, फुलं, दिवा झाला. मी उठायला लागले आणि उठवेना. मी घरी गेले, साड्यांखालचं ते पाकीट काढलं आणि परत येऊन त्या खोप्यात तिरकी होऊन बसले. देवाशी बोलायची मला सवय नाही. काय म्हणून हाक मारायची, इथपासून अडचण. शेवटी वर्गात बोलते तसंच बोलले. "हे बघा, तुम्हाला एक सांगायचं राहिलंय. लग्नबिग्न काही नाहीये." मग सगळं सांगितलं. फिल्म खिडकीच्या उजेडाकडे धरून टाकाला दाखवली. उलटी धरली होती, ती सुलटी केली. ही गाठ, ती काढलीय, पण अजून निकाल यायचाय. "नागोराव मागणार नाहीत. त्यांच्यातलं आणि तुमच्यातलं तुम्ही बघा. मी मागते. मला काही लाज नाही, मी आजवर परीक्षेच्या निकालापासून सगळं मागत आलेय. ह्या बाईला परत पाठवा." एवढं बोलून मी दार लावलं आणि शाळेला गेले. शब्द मोडला म्हणून दिवसभर माझा जीव खात होता. पहिल्या तासाला फळ्यावर सोपी बेरीज चुकले, पोरं हसली.

निकाल आला. गाठ साधी होती.

दोघं घरी आले, त्या दिवशी नागोराव रिक्षा थांबायच्या आत उतरले. काकूंना आत आणून बाजेवर निजवलं, रिपोर्टचा कागद घेतला आणि देवघरात घुसले. कडी लावायचंसुद्धा भान नव्हतं. मी काकूंच्या उशाशी बसले. माझ्याच्यानं राहवेना. आधी कबूल करून मोकळं व्हावं म्हणून मी खाली वाकून हळूच म्हटलं, "काकू, माझ्याकडून एक चूक झाली. मी थोरल्यांना सगळं सांगून टाकलं. ऑपरेशनच्या दुसऱ्याच दिवशी. नागोरावांना सांगू नका."

काकू हसायला लागल्या. टाके दुखतात म्हणून पोटावर हात दाबला, तरी हसणं थांबेना.

"अवो बाई, तुम्ही तर लईच उशीर केला! ह्ये पाकीट घिऊन तुमच्याकडं आले ना, तवाच मी देवघरात गेले. ह्ये कडुलिंबाखाली तुमच्या कानात कुजबुजून राहिले होते, आन् मी हिकडं सगळं सांगून मोकळी."

मी तोंडाला हात लावला. "आणि मग तो लग्नाचा वेष, ती नथ, ते सगळं?"

"ह्यांच्यासाठी." त्यांचं हसणं ओसरलं. आतल्या बाजूला एकदा बघून त्या म्हणाल्या, "मी देवाला म्हणलं, मला ठिव न्हाईतर ने, तुझी मर्जी. पर तुला ठाऊक हाय हे ह्यांला कळू देऊ नको. माझं काही बरंवाईट झालं, तर ह्यांला वाटलं पायजे की देवाला बिचाऱ्याला काहीच ठाऊक नव्हतं. म्हंजी ह्यांचा देवावर राग ऱ्हायचा न्हाई. पोरगी लांब हाय. मी गेल्यावर ह्यांला बोलायला तेवढं एक माणूस तरी पायजे का न्हाई?"

 काकूंच्या पायावरची चादर सरकली होती, ती मी नीट केली. आतून नागोरावांचा आवाज येत होता. पोट दुखायला लागलं त्या दिवसापासूनची सगळी हकीकत ते थोरल्यांना सांगत होते, आणि मधूनमधून म्हणत होते, "तुमच्यापसून लपवलं, राग धरू नका. तुमाला घोर नको म्हनून लपवलं."

काकूंनी मला कोपरानं ढोसलं.

"ऐका, ऐका," त्या हळूच म्हणाल्या. "आन् त्यो बी बघा कसा, पयल्यांदाच ऐकल्यागत ऐकून राहिलाय."